घरगुती संगणकाची विषाणुतपासणी : कालांतराचा प्रश्न

घरगुती संगणकाची विषाणुतपासणी किती दिवसांनी करावी, या प्रश्नास 'दररोज', 'आठवड्यास', 'महिन्यास' अशी निरनिराळी उत्तरे दिली जातात. परंतु तपासणीने नेमके काय साधते, हे ठरविल्याखेरीज त्यांपैकी एकही उत्तर ग्राह्य मानता येत नाही.

नियतकालिक तपासणीची कल्पना फ्लॉपीच्या काळात रूढ झाली. १९९० साली भारतात आढळलेला 'जोशी' हा विषाणू दरवर्षी ५ जानेवारीस वाढदिवसाच्या शुभेच्छा टंकित करावयास लावी व तोवर यंत्र अडवून ठेवी. १९९१ साली सापडलेला 'मायकेलँजेलो' ६ मार्च रोजी डिस्कवरील माहिती नष्ट करी. पुण्यात कैलास काटकर यांच्या संगणक-दुरुस्तीच्या व्यवसायात असे बाधित संगणक येत. त्यांचे बंधू संजय काटकर यांनी त्यांवर उपाय म्हणून प्रोग्रॅम लिहिले आणि त्यांतूनच 'क्विक हील' उदयास आले. या विषाणूंचा प्रसार मंद असे व घाताचा दिवस ठरलेला असे. त्या दिवसापूर्वी केलेली एक तपासणीही यंत्र वाचविण्यास पुरेशी होई.

पुढे प्रसाराचा मार्ग बदलला. १९८६ साली सुरू झालेल्या 'अर्नेट' या शैक्षणिक जाळ्याच्या प्रकल्पात पवईची भारतीय तंत्रज्ञान संस्था सहभागी होती. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट सर्वसामान्यांस खुले केले. तेव्हापासून पवईतील प्रयोगशाळेचा संगणक आणि शेजारच्या वसाहतीतील घरचा संगणक हे एकाच जाळ्याचे घटक होण्याचा मार्ग मोकळा झाला.

आता कालांतराचा विचार करू. दोन तपासण्यांत 'क्ष' दिवसांचे अंतर असून विषाणूचा प्रवेश कोणत्याही क्षणी सारखाच संभाव्य मानला, तर तो सरासरी क्ष/२ दिवस अलक्षित राहतो : साप्ताहिक तपासणीत साडेतीन दिवस, दैनिक तपासणीत बारा तास. हे गणित विषाणूची ओळखखूण आधीच ज्ञात आहे, असे गृहीत धरते. ती खूण मिळण्यापूर्वी खुणेवर विसंबणाऱ्या कितीही तपासण्या केल्या, तरी त्या निष्फळच होत.

शिवाय बारा तासही फार ठरतात. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' या खंडणीखोर विषाणूने जगभर धुमाकूळ घातला. त्याने वापरलेले छिद्र बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च रोजीच, म्हणजे ५९ दिवस आधी, दिली होती. २७ जून रोजी आलेल्या 'नॉटपेट्या'ने न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे कामकाज विस्कळीत केले. दुरुस्ती केलेली यंत्रेही त्याच्या तावडीतून सुटली नाहीत. कारण एका यंत्रावरून चोरलेल्या अधिकारखुणांच्या बळावर तो दुसऱ्यात शिरे. अशा विषाणूंपुढे आठवड्याची तपासणी म्हणजे घर जळून गेल्यावर विहीर खणणे होय.

म्हणूनच आज मुख्य भार फाइल उघडताक्षणी ती तपासणाऱ्या अखंड संरक्षणावर पडतो. गणिताच्या भाषेत, येथे 'क्ष' जवळजवळ शून्य होतो. विंडोज ८ पासून हे संरक्षण प्रणालीतच अंतर्भूत आहे. नियतकालिक तपासणीचे काम त्यामुळे मर्यादित झाले आहे : ओळखखूण मिळण्यापूर्वी आत येऊन निपचित पडलेल्या फाइली शोधणे. तीही सर्वज्ञ नव्हे. कोणताही प्रोग्रॅम विषाणू आहे की नाही, हे अचूक सांगणारी सर्वसाधारण रीत असूच शकत नाही, असे फ्रेड कोहेन यांनी १९८० च्या दशकातच दाखवून दिले.

या विवेचनावरून व्यवहारासाठी पुढील निष्कर्ष निघतात. अखंड संरक्षण चालू ठेवावे; ओळखखुणा दररोज आपोआप अद्ययावत होऊ द्याव्यात; प्रणालीच्या दुरुस्त्या लांबणीवर टाकू नयेत. संक्षिप्त तपासणी आठवड्यातून एकदा पुरे. संपूर्ण तपासणी संरक्षण प्रथम बसविताना आणि त्यानंतर संशयास प्रत्यक्ष कारण घडल्यास करावी. महिन्यातून एकदा ती केल्यास हानी नाही. परका पेनड्राइव्ह जोडल्यास उघडण्यापूर्वी तेवढाच तपासावा. प्रबंधाच्या टिपणांसारख्या महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत संगणकापासून विलग अशा डिस्कवर ठेवावी. कारण तपासणी चुकल्यावर हाती उरते ती हीच प्रत.