रेझिनच्या पोत्याची किंमत कोण ठरवतं?

नशिराबादच्या शिवारात केळीला पाणी नेणारा पाइप बहुधा जळगावच्या आसपासच्याच एखाद्या कारखान्यातून आलेला असतो. त्याची भुकटी, म्हणजे पीव्हीसी रेझिन, मात्र पंचवीस किलोंच्या पोत्यांतून चीन, तैवान, जपान, कोरियाहूनही येते. न्हावा शेवाला कंटेनर उतरला की पहिला प्रश्न उभा राहतो, या मालाची किंमत किती धरायची? शुल्काचा दर आधीच ठरलेला असतो. तो ज्या रकमेवर लागायचा ती रक्कम मात्र दर खेपेला नव्याने ठरते. कस्टमच्या कामातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग हाच.

सीमाशुल्क कायदा 1962 चा. त्यातलं कलम 14 पूर्वी विचारायचं, असा माल साधारणपणे कितीला विकला जातो? 10 ऑक्टोबर 2007 पासून ते विचारतं, तुम्ही या सौद्यात प्रत्यक्ष किती दिले, किंवा किती देणार आहात? म्हणजे सुरुवात व्यापाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवून होते. अट एवढीच की घेणारा-विकणारा एकमेकांच्या नात्यातले नसावेत. असलेच, तर त्या नात्यामुळे किंमत वाकलेली नाही हे दिसलं पाहिजे. त्यासाठी खात्याची वेगळी विशेष मूल्यांकन शाखा आहे.

इनव्हॉइसवरचा आकडा तसाच उचलला जात नाही. समजा, बंदरात जहाजावर चढवून दिलेल्या रेझिनची किंमत 10 लाख रुपये आहे. जहाजभाडं 60 हजार, त्याची पावती हातात आहे. विम्याचा कागद नाही, म्हणून नियमाप्रमाणे 1.125 टक्के, म्हणजे 11,250 रुपये धरले. करपात्र मूल्य झालं 10,71,250. मूळ शुल्क साडेसात टक्के धरलं तर 80,344 रुपये, त्यावर दहा टक्के समाजकल्याण अधिभार 8,034, आणि या सगळ्या बेरजेवर 18 टक्के आयजीएसटी. आयजीएसटीचं क्रेडिट पुढे मिळतं, पहिल्या दोन रकमा मात्र खर्चातच जमा. आता ती भाड्याची पावती हरवली असं धरा. मग भाडं किमतीच्या 20 टक्के, म्हणजे सरळ दोन लाख धरलं जातं आणि मूल्य 12,11,250 वर जातं. एका कागदापायी 1 लाख 40 हजारांचा फरक! आयातदाराने पाइपची डाय फुकट पाठवून परदेशात माल घडवून घेतला असेल, तर त्या डायचा वाटाही मिळवावा लागतो. सौद्याची अट म्हणून द्यावी लागणारी रॉयल्टीही तशीच.

आणि अधिकाऱ्याला आकडा खोटा वाटला तर? इथे आयशर ट्रॅक्टर्सचं प्रकरण सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. कंपनीने जपानहून बेअरिंगं मागवली, 1989 मध्ये बनलेली, 1993 मध्ये. माल जुना पडून राहिलेला, म्हणून विकणाऱ्याने दरपत्रकावर 77 टक्के सूट दिली. मुंबईच्या कस्टम अधिकाऱ्याला ती पटली नाही. त्याने 30 टक्केच सूट मान्य केली आणि बाकीच्यावर शुल्क मागितलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. 2000 मध्ये निकाल लागला की सौदा खरा असेल, तर नुसत्या दरपत्रकावर बोट ठेवून किंमत नाकारता येत नाही. जुन्या मालाला जुन्या मालाचाच भाव येणार.

आज सीमाशुल्क मूल्यांकनाच्या नियमांतल्या नियम 12 प्रमाणे अधिकाऱ्याला शंका घेता येते, खुलासा मागता येतो. आयातदाराने मागितलं तर कारणं लेखी द्यावी लागतात, त्याचं म्हणणंही ऐकून घ्यावं लागतं. शंका फिटली नाही तरच पुढच्या पायऱ्या. हुबेहूब तोच माल दुसऱ्या कुणी कितीला आणला, नसेल तर त्यासारखा माल, मग इथल्या विक्रीच्या भावातून मागे मोजत जाणं, मग उत्पादनखर्च. या क्रमात उड्या मारण्याची मनमानी चालत नाही. खोट्या इनव्हॉइसवर स्वस्तात रेझिन आणणारा सरकारलाच फसवतो असं नाही. खरं बिल लावणाऱ्या शेजारच्या कारखानदाराचाही तो भाव पाडतो. म्हणून ही शंका हवीच, आणि ती लेखीही हवी.

जळगावच्या सराफ्याला मात्र वेगळा न्याय लागू आहे. सोन्याचं इनव्हॉइस काहीही म्हणो, कलम 14 च्या दुसऱ्या पोटकलमाखाली सरकारच दहा ग्रॅमला इतके डॉलर असं मूल्य जाहीर करतं, आणि ते साधारण पंधरवड्याला बदलतं. चांदी, पामतेल, सोयाबीनचं कच्चं तेल, पितळेची मोड, सुपारी याच यादीतली. 2024 च्या जुलैत सोन्यावरचं शुल्क 15 टक्क्यांवरून 6 टक्क्यांवर आलं, तेव्हा बाजारात चर्चा झाली ती दराची. मूल्याची ही सूचना फार थोडे लोक वाचतात, हिशेब मात्र तिथूनच सुरू होतो.

रेझिनचं पोतं फुटतं, भुकटी यंत्रात पडते आणि पाइप होऊन बाहेर येते. मग तो नशिराबादच्या काळ्या मातीत गाडला जातो. जहाजभाड्याची ती पावती मात्र कारखान्याच्या कपाटात पाच वर्षं जपून ठेवायची असते, कस्टमचं ऑडिट येईल तेव्हा दाखवायला.