मध्यम आकाराचे छायाचित्रण

मध्यम आकाराचे छायाचित्रण : ३५ मिमी. फिल्मवरील २४ × ३६ मिमी. चौकटीपेक्षा मोठ्या, परंतु ४ × ५ इंच आकाराच्या सुट्या फिल्मपेक्षा लहान अशा क्षेत्रावर प्रतिमा घेण्याच्या पद्धतीस मध्यम आकाराचे किंवा मीडियम फॉरमॅट छायाचित्रण म्हणतात. व्यवहारात ही संज्ञा ‘१२०’ क्रमांकाच्या गुंडाळी फिल्मशी निगडित आहे. ईस्टमन कोडॅक कंपनीने ही फिल्म १९०१ मध्ये ब्राउनी कॅमेऱ्यासाठी प्रचारात आणली. तिची रुंदी ६ सेंमी.हून किंचित अधिक असून तिच्या पाठीशी अपारदर्शक कागद असतो. एका गुंडाळीवर ६ × ४·५ सेंमी.ची १६, ६ × ६ ची १२, ६ × ७ ची १० किंवा ६ × ९ ची ८ चित्रे घेता येतात. चौकटीचा आकार फिल्मवर नव्हे, तर कॅमेऱ्यावर अवलंबून असतो.

महाराष्ट्रातील असंख्य कुटुंबांनी हा आकार त्याचे नावही न ऐकता वापरला आहे. बडोद्यास तयार होणारा आग्फा क्लिक-३ हा साधा कॅमेरा १२० फिल्मवर ६ × ६ सेंमी.ची १२ चित्रे घेत असे. सहली व मुंजीची जी लहान चौकोनी चित्रे जुन्या संग्रहांत कोपरे चिकटवून लावलेली आढळतात, त्यांतील बरीच निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून काढलेली, म्हणजे मुळीच न वाढविलेली असतात. स्टुडिओतील व्यावसायिक मात्र रोलायकॉर्ड, यशिका अशा अधिक काटेकोर कॅमेऱ्यांकडे वळत. भारतातील आद्य महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांनी रोलायफ्लेक्स दीर्घकाळ वापरला.

या पद्धतीचा मुख्य लाभ क्षेत्रफळात आहे. ६ × ६ चौकटीचे प्रत्यक्ष माप सुमारे ५६ × ५६ मिमी., म्हणजे ३,१३६ चौ. मिमी. भरते, ३५ मिमी. चौकटीचे क्षेत्रफळ ८६४ चौ. मिमी. असते. ३० सेंमी. बाजूची चौरस प्रत काढावयाची, तर पहिलीचे सुमारे साडेपाचपट आणि दुसरीचे साडेबारापट विवर्धन करावे लागते. भिंग व फिल्म मिळून दर मिमी.स ६० रेषा वेगळ्या दाखवितात असे धरल्यास पहिल्या प्रतीत सुमारे ११, तर दुसरीत ५ पेक्षाही कमी रेषा उरतात. २५ सेंमी. अंतरावरून डोळ्यास मिमी.मध्ये साधारण ५ ते ७ रेषा ओळखता येतात. म्हणून दुसऱ्या प्रतीचा मऊपणा जाणवतो, पहिलीचा जाणवत नाही. चांदीचे कणही कमी वाढविले गेल्याने त्वचा, आकाश अशा सलग छटा मुलायम दिसतात.

या लाभाची किंमत नवशिक्यास बहुधा उशिरा कळते. मोठ्या चौकटीस तितकाच दृश्यकोन मिळण्यासाठी ५० ऐवजी ७५ ते ८० मिमी. केंद्रांतराचे भिंग लागते व त्यामुळे पुढेमागे स्पष्ट दिसणारा पट्टा अरुंद होतो. ३५ मिमी. कॅमेऱ्यात एफ/८ ला मिळणारी खोली येथे मिळविण्यासाठी भिंगाचे छिद्र जवळजवळ एफ/१६ पर्यंत लहान करावे लागते. प्रकाश चौथाईवर येतो आणि झडप चौपट वेळ उघडी ठेवावी लागते. हात हलला, की मोठ्या निगेटिव्हने मिळविलेले सर्व काही गमावले जाते. पहिल्या खर्चाचा विचार करताना दुसऱ्या भिंगापेक्षा भक्कम तिपाई अधिक उपयोगी, हे विक्रेते सहसा सांगत नाहीत.

पुण्यातील शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा हे याचे चांगले उदाहरण होय. तो उत्तराभिमुख असल्याने हिवाळ्यात त्याच्या दर्शनी भागावर थेट ऊन पडत नाही. १०० संवेदनक्षमतेच्या फिल्मला भर उन्हात एफ/१६ व १/१२५ सेकंद हे प्रमाण पुरते. मोकळ्या सावलीत सुमारे आठपट प्रकाश कमी असल्याने एफ/१६ ला १/१५ सेकंद द्यावा लागतो. तो हातात धरून देता येत नाही. पाताळेश्वर लेण्याच्या आतील भागात हाच काळ कित्येक सेकंदांवर जातो. तेथे फिल्मचा प्रतिसाद मंदावत असल्याने गणिताने आलेल्या काळापेक्षाही अधिक काळ देणे भाग पडते.

नवशिक्यास दोन भिंगांचा परावर्तक कॅमेरा सोयीचा ठरतो. वरच्या भिंगातून दृश्य काचेवर दिसते व खालच्यातून चित्र घेतले जाते. काचेवर डावे-उजवे उलटे दिसते, याची सवय एक-दोन गुंडाळ्यांत होते. जवळच्या वस्तूचा वरचा भाग कापला जाण्याचा संभव असतो, कारण दोन्ही भिंगे एकाच जागी नसतात. कॅमेरा पोटाशी धरून मान खाली घालून पाहावे लागत असल्याने दृष्टिबिंदू खाली येतो. मुलांच्या व बसलेल्या माणसांच्या चित्रांना हे विशेष मानवते. फिल्म सावलीत भरावी, कागदावरील बाण कॅमेऱ्यावरील खुणेशी जुळवावा आणि काढलेली गुंडाळी घट्ट ठेवून लगेच चिकटपट्टीने बंद करावी. सैल गुंडाळीच्या कडांतून प्रकाश शिरतो.

एकविसाव्या शतकात अंकीय संवेदकाचे मध्यम आकाराचे कॅमेरेही आले. २०१६-१७ मध्ये हॅसेलब्लाड व फुजीफिल्म यांनी आणलेल्या कॅमेऱ्यांतील संवेदक सुमारे ४४ × ३३ मिमी.चा आहे, त्याचे क्षेत्रफळ ६ × ६ चौकटीच्या निम्म्याहूनही कमी भरते. १२० फिल्मचे उत्पादन मात्र परदेशांत चालू आहे. भारतात ती पुरविणाऱ्या उटकमंडच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याचे उत्पादन बंद पडले आहे.

घरोघरी उरलेल्या क्लिक-३ च्या निगेटिव्ह त्यांच्या छोट्या प्रतींपेक्षा पुष्कळ अधिक तपशील बाळगून असतात. स्कॅनरवर वाढविल्यास मागे उभ्या असलेल्या माणसांचे चेहरेही अनेकदा ओळखू येतात. त्यांचा आधार बहुधा सेल्युलोज ॲसिटेटचा असतो. उष्ण व दमट हवेत तो विघटन पावून व्हिनेगरसारखा आंबट वास सोडतो, आक्रसतो आणि त्यावरील जिलेटिनच्या थरास सुरकुत्या पडतात. बाहेर पडणारे आम्ल शेजारच्या फिल्मचाही नाश त्वरेने घडवून आणते. पावसाळ्यात जिलेटिनवर बुरशीही धरते. यासाठी निगेटिव्ह प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत न ठेवता आम्लरहित कागदाच्या पाकिटांत, कोरड्या व थंड जागी ठेवाव्यात. वास येऊ लागलेल्या वेगळ्या काढून त्यांच्याच अंकीय प्रती सर्वांत आधी करून घ्याव्यात.