पेव फुटलं म्हणजे काय झालं?

"सध्या शिकवण्यांचं नुसतं पेव फुटलंय!" असं मोठी माणसं म्हणतात ना? पण पेव म्हणजे काय, हे त्यांना विचारून तर बघा!

पेव म्हणजे धान्य साठवायला जमिनीत खणलेलं खोल कोठार. आपला बारामती-इंदापूरचा भाग पर्जन्यछायेचा. एका वर्षी खळ्यावर ज्वारीची रास, तर पुढच्या वर्षी आभाळ कोरडं! म्हणून सुगीचं धान्य राखून ठेवावंच लागे. घरात शेणामातीनं लिंपलेली कणगी, वाड्याच्या भिंतीत बळद आणि जास्तीचं धान्य पेवात. पेवाचं तोंड बंद केलं, की आतला प्राणवायू हळूहळू संपे आणि किडे मरत. म्हणूनच पेव उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नसे. आधी हवा खेळू द्यायची. नाहीतर माणूसच गुदमरायचा!

ही झाली एका घराची सोय. पण सगळा गडच वेढ्यात अडकला तर? त्याचं उत्तर कोल्हापूरजवळ पन्हाळ्यावर उभं आहे. त्याचं नाव अंबरखाना. गंगा, यमुना आणि सरस्वती अशी ही तीन दगडी कोठारं. सर्वांत मोठी गंगा कोठी, सुमारे ३५ फूट उंच. गंमत म्हणजे तिचा जिना बाहेरून थेट छतावर जातो. कशाला? छताला गोल झरोके आहेत, त्यांतून धान्य आत ओतायचं! या कोठीत २५ हजार खंडी धान्य मावे, असं सांगतात. वीस मणांची एक खंडी. करा पाहू गणित!

१६६० साली सिद्दी जौहरनं पन्हाळ्याला वेढा घातला, तेव्हा शिवाजी महाराज गडावरच होते. शत्रूचा हिशेब सोपा असतो : दाणागोटा संपला, की गड आपोआप हाती येतो. वेढा चार महिने चालला आणि जुलैतल्या पावसाळी रात्री महाराज विशाळगडाकडे निसटले. वेढ्यात भरलेलं कोठार तोफेइतकंच मोलाचं, ते यासाठी!

आज कोठ्यांत धान्य नाही. पण पुरातत्त्व खात्यानं पन्हाळा जपलाय. २०२५ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारसा म्हणून निवडलेल्या १२ किल्ल्यांत तोही आहे.

आणि आजोबांच्या घरातलं बळद? ते कोण जपणार? घराची दुरुस्ती निघाली, की ते पहिल्यांदा बुजवतात. मग सुट्टीत गावी गेलात, की एवढं कराच : बळद, कणगी, पेव शोधा, मापं घ्या, चित्र काढा. आणि त्यात काय काय ठेवायचे, ते आजीला विचारा. तिला सगळं आठवत असेल!