माहितीच्या भांडारातील हिशेबनीस

एखाद्या मोठ्या ग्रंथालयाच्या सर्व नोंदवह्या रोज गाडीत घालून दूर राहणाऱ्या हिशेबनिसाकडे न्याव्यात व बेरीज झाल्यावर परत आणाव्यात, असे कोणी सुचविल्यास ते हास्यास्पद ठरेल. त्यापेक्षा हिशेबनिसालाच ग्रंथालयात बसविणे शहाणपणाचे होय. संगणकाच्या माहितीभांडारात, म्हणजेच डेटाबेसमध्ये, हेच तत्त्व पाळले जाते. भांडाराच्या आतच साठविलेल्या आणि नाव घेताच कामाला लागणाऱ्या आज्ञामालिकेस संचित कार्यपद्धती म्हणतात. तिच्यामुळे लाखो नोंदी बाहेर पाठवाव्या लागत नाहीत. केवळ उत्तर बाहेर येते.

सन १९७० मध्ये एडगर कॉड या शास्त्रज्ञाने माहिती कोष्टकांच्या रूपाने मांडण्याचा सिद्धांत प्रसिद्ध केला. त्यावर उभारलेल्या एसक्यूएल भाषेत काय हवे ते सांगावयाचे असते. ते कसे शोधावे, हे यंत्र ठरविते. निवड, जुळणी व बेरीज यांत ही भाषा निष्णात आहे. परंतु लांबलचक मजकुरातील गुंतागुंतीची रचना ओळखणे, किंवा टप्प्याटप्प्याने चालणारे अवघड गणित करणे, हे तिचे क्षेत्र नव्हे.

ही उणीव भरून काढण्यासाठी ओरॅकलने १९९९ मध्ये जावा भाषेला, तर मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरने २००५ मध्ये सी शार्पसारख्या भाषांना भांडारात प्रवेश दिला. या भाषा वस्तुकेंद्री आहेत. म्हणजे माहिती आणि तिच्यावरील क्रिया ‘वर्ग’ नावाच्या एकाच घटकात बांधल्या जातात. सी शार्पमधील आज्ञा संकलक प्रथम एका मध्यस्थ भाषेत उतरवितो आणि चालविताना तिचे यंत्रभाषेत रूपांतर होते. संकलित संच भांडारात साठवून त्यातील एका क्रियेस कार्यपद्धतीचे नाव जोडले, की ती इतर कार्यपद्धतींप्रमाणेच वापरता येते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये २००८ साली आलेला भौगोलिक स्थाने साठविणारा प्रकार याच पायावर उभा आहे.

मात्र पाहुण्यास घरात घेताना सावध राहावे लागते. ही आज्ञामालिका भांडार सांभाळणाऱ्या प्रक्रियेतच चालते. निर्बंध नसतील, तर तिच्या एका चुकीने सारे भांडार बंद पडू शकते. म्हणून सुरक्षित, बाह्यप्रवेशी व असुरक्षित अशा तीन पायऱ्या ठरविण्यात आल्या. पुढे ‘सुरक्षित’ ही खूणही पुरेशी विश्वासार्ह नाही, असे दिसून आले. त्यामुळे २०१७ च्या आवृत्तीपासून, मूळ मांडणीनुसार, असा प्रत्येक संच असुरक्षित समजला जातो. डिजिटल स्वाक्षरीने किंवा व्यवस्थापकाच्या स्पष्ट संमतीने त्याची विश्वसनीयता सिद्ध व्हावी लागते.

साध्या बेरजेसाठी एसक्यूएलच पुरेशी आहे. खऱ्या गणितासाठी हिशेबनीस अवश्य बोलवावा. पण भांडाराच्या किल्ल्या त्याच्या हाती देण्यापूर्वी त्याची ओळख पटवून घेणे इष्ट.