तंजावरात ऐकलेली दिंडी

पुण्याच्या माणसाला आपल्या कानांचा जरा जास्तच अभिमान असतो, आणि मी त्याला अपवाद नव्हतो. १९५३ साली सवाई गंधर्वांच्या पुण्यतिथीचा उत्सव पुण्यात सुरू झाला तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. पुढे शिक्षण संपेपर्यंत त्यातली रात्र शक्यतो चुकवली नाही. गळा देवाने दिला नाही, हातात वाद्य ठरत नाही. तेव्हा निदान ऐकावे तरी नीट, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा. १९६६ साली बँकेने माझी बदली तंजावरला केली, तेव्हा मित्रांनी माझे सांत्वन केले ते उन्हाबद्दल आणि तिन्ही त्रिकाळच्या भाताबद्दल. मला काळजी होती ती गाण्याची.

ती पहिले काही महिने खरीही ठरली. दक्षिणेकडची मैफल मला घाईची वाटे. आपल्याकडे गवई षड्जावर बसतो, खर्जात उतरतो, गंधाराची वाट पाहायला लावतो. इथे एक कृती संपते न संपते तोच दुसरी सुरू होई. स्वर कुठे सरळ उभा राहत नसे, सारखा हालत असे. सभोवार बसलेली मंडळी मांडीवर ताल धरीत, आणि मी आपला समेच्या शोधात. एकदा गायकाने ‘तोडी’ म्हणून आरंभ केला आणि मी सावरून बसलो. पाहतो तो सूर सगळे आपल्या भैरवीचे! ज्याला आपण तोडी म्हणतो त्याच्या जवळ जाणारे सूर तिकडे शुभपंतुवराळीत सापडतात, हे मला नंतर कळले. मग मी अडाण्यासारखा एक उद्योग केला. वहीत दोन रकाने पाडले आणि ओळखीचे चेहरे शोधू लागलो. मोहनम् म्हणजे आपला भूप, हिंदोळम् म्हणजे मालकंस, कल्याणी म्हणजे यमनाची सख्खी बहीण. हा उद्योग नवख्याला धीर देतो, पण फार दूर नेत नाही. सूर तेच असले तरी चालणे वेगळे असते, आणि राग सुरांत नसतो इतका चालण्यात असतो.

मी राहत होतो ते घर राजवाड्याच्या पश्चिमेला, मेल वीथीत होते. घरमालकीणबाई सत्तरीच्या पुढच्या, तंजावरी मराठी. मी त्यांना आजी म्हणे. त्यांचे पूर्वज भोसल्यांच्या दरबारात कारकुनीस होते. त्यांची मराठी ऐकून पहिल्या दिवशी मी चकितच झालो. क्रियापदे एखाद्या बखरीतली वाटावीत आणि हेल मात्र पुरा तमिळ. बाजारात, देवळात, शेजारणीशी तमिळ. मुलांना रागे भरताना आणि देवापुढे मराठी. त्या फारसे कधी गात नसत, पण तांदूळ निवडताना काहीतरी गुणगुणत असत. मी त्याकडे लक्ष दिले नाही. कान तयार असलेल्या माणसाचा हा एक दोष असतो, त्याला मैफलीतले तेवढेच गाणे ऐकू येते.

बँक सुटली की मी राजवाड्यात जाऊन बसत असे. तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात तंजावरच्या मराठी राजांचा वारसा आजही जपलेला आहे. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी सतराव्या शतकाच्या शेवटच्या चरणात तंजावरला आले. त्यांचे चिरंजीव शहाजी यांनी १६८४ ते १७१२ राज्य केले आणि तेलुगू, संस्कृत, मराठी अशा अनेक भाषांत लिहिले. मराठीतील आरंभीच्या नाटकांत गणले जाणारे ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ त्यांचेच. त्यांचे बंधू तुळजाजी हे १७२८ पासून १७३६ पर्यंत गादीवर होते. त्यांनी ‘संगीतसारामृत’ हा संस्कृत ग्रंथ रचला, आणि दाक्षिणात्य रागांचा अभ्यास करणाऱ्याला तो टाळून पुढे जाता येत नाही. मुलूख मराठ्यांचा नव्हता, तिथले गाणेही मराठ्यांचे नव्हते. आधीच्या नायक राजांच्या काळातच तंजावरच्या वीणेला चोवीस पडद्यांचे रूप आले होते आणि व्यंकटमखींनी बहात्तर मेळांची मांडणी केली होती. आलेल्या राजांनी ते मोडले नाही, त्याच्या जागी स्वतःचे काही बसवले नाही. ते ऐकत बसले, लिहून ठेवू लागले.

या सर्वांत मला जवळचे वाटतात ते दुसरे सरफोजी. १७९८ साली ते गादीवर आले आणि पुढच्याच वर्षी कंपनी सरकारशी तह होऊन राज्याचा कारभार हातचा गेला. उरला तो किल्ला आणि भोवतालचा थोडा परिसर. राज्य गेलेल्या राजाने काय करावे? सरफोजींनी ग्रंथ जमवले, मोठ्या देवळाच्या भिंतीवर १८०३ साली आपल्या वंशाचा प्रचंड मराठी शिलालेख कोरवला, वैद्यकाचा अभ्यास केला, आणि गाणे ऐकले. त्यांच्या पदरी इंग्रजी वाद्यांचा बँड होता. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलु या चार भावांना त्यांचा आश्रय होता. अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंत भरतनाट्याच्या कार्यक्रमाचा आज जो क्रम आहे, तो या चौघांनी बसवलेला. फिरंग्यांचे फिडल दाक्षिणात्य मैफलीत मांडी घालून बसले तेही याच पिढीत. आणि ‘देवेंद्र कुरवंजी’ नावाची त्यांची एक मराठी रचना आहे, तिच्यात भविष्य सांगणारी कुरवंजी पृथ्वीचा भूगोल गाऊन सांगते! भूगोल असा शिकवला असता तर आमच्या वर्गातले कित्येक नापास झाले नसते.

तंजावरपासून तेरा किलोमीटरांवर तिरुवैयारूला कावेरीच्या काठी त्यागराज राहत. सरफोजींनी त्यांना दरबारी बोलावले आणि त्यांनी धनाचा मोह नाकारून कल्याणी रागात एक कृती रचली, अशी कथा सांगतात. कथेत त्यागराजांचे मोठेपण सर्वांना दिसते. मला तिच्यातला राजाही आवडतो. नकार ऐकून तो स्वस्थ बसला आणि शेजारी ते गाणे चालू राहिले.

पौष वद्य पंचमीला तिथे त्यागराजांची आराधना होते. १९६७ साली मी प्रथम गेलो. नदीकाठी शेकडो गायक एकत्र बसून नाट, गौळ, आरभी, वराळी आणि श्री या रागांतली पंचरत्ने म्हणतात. त्यांत नामांकित असतात तसे शिकाऊही असतात, आणि आकाशवाणीवरून तो घोष घरोघर जातो. त्या समाधीवरचे मंदिर बंगळूर नागरत्नम्मा या गायिकेने आपली मिळकत वेचून १९२०च्या दशकात बांधवले, आणि तरीही पुढे कित्येक वर्षे उत्सवात स्त्रियांना गाऊ देत नसत. आजींना ते दिवस आठवत होते. "आम्ही लांबून ऐकत होतो," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा तांदूळ निवडू लागल्या.

त्याच वर्षी रामनवमीच्या उत्सवात एका मठात हरिकथा होती. कथा तमिळमध्ये, विषय सीतास्वयंवर. मला तमिळ तोवर बाजारापुरतेच येत होते, म्हणून मी मागे भिंतीला टेकून बसलो होतो. कथेकऱ्यांच्या हातात चिपळ्या, मागे तंबोरा, बाजूला मृदंग. निरूपण रंगात आले, धनुष्य आणले गेले, आणि बुवांनी एकदम एक चाल उचलली. नऊ मात्रांवर क्षणभर विसावा, मग दहा. पुन्हा नऊ, पुन्हा दहा. मी ताठ बसलो. ही तर दिंडी! किर्लोस्करांच्या ‘सौभद्रा’त लहानपणापासून ऐकलेली, आईने जात्यावर नव्हे तर स्टोव्हशी म्हटलेली, पुरी एकोणीस मात्रांची दिंडी. शब्द मात्र एकही मराठी नव्हता. थोड्या वेळाने साकी आली, मग ओवी. सातआठ महिने मी परक्या गाण्यात ओळखीचे सूर शोधत होतो आणि ओळखीचे छंद माझ्या उशाशी येऊन बसले होते.

हे घडले कसे, ते मग मी विचारून घेतले. समर्थ संप्रदायाचे मठ तंजावर आणि मन्नारगुडीकडे फार पूर्वीपासून होते, आणि मराठी कीर्तनकारांचे जाणेयेणे राजे गेल्यावरही थांबले नाही. तंजावरचे मेरुस्वामी तर त्रावणकोरला स्वाती तिरुनाळ महाराजांच्या दरबारापर्यंत पोचले होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोरगावकरबुवांच्या कीर्तनांनी तंजावर वेडे झाले. ती ऐकणाऱ्यांत एक तरुण होता, कृष्ण भागवतर. १८४१ ते १९०३ हा त्यांचा काळ. त्यांनी मराठी कीर्तनाचा सांगाडा घेतला, पूर्वरंगातले निरूपण आणि मग आख्यान ही रीत ठेवली, साकी-दिंडी-ओवी-अभंग हे छंद ठेवले, आणि त्यांत तमिळ शब्द, त्यागराजांच्या कृती आणि दाक्षिणात्य राग भरले. दक्षिणेतल्या हरिकथेला आज जे रूप आहे ते त्यांनी दिले. पुढे सी. सरस्वतीबाईंसारख्या स्त्रियांनीही ती गाजवली.

आजींना मी धावत जाऊन हा माझा शोध सांगितला. त्या हसल्या. तमिळ लिपीत त आणि द यांना एकच अक्षर, त्यामुळे दिंडी हा शब्द तिंडी, म्हणजे फराळ, असाही वाचता येतो. "त्यांनी आमची दिंडी खाल्ली," त्या म्हणाल्या, "आणि पचविली." मग पेटीतून कापरात ठेवलेली एक वही काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवली. त्यांच्या आजोबांची ती कीर्तनाची वही, सबंध मोडीत लिहिलेली. घरात ती वाचणारे कोणी उरले नव्हते. "तू पुण्याचा. वाच."

मला मोडी येत नव्हती.

शनिवारवाड्याच्या सावलीत वाढलेला, इतिहासावर तावातावाने बोलणारा मी, त्या ओळींकडे नुसता पाहत राहिलो. आजी काही बोलल्या नाहीत. वही मिटून त्यांनी पुन्हा कापरात ठेवली. वर्षभराने माझी बदली झाली.

मोडी मी शिकलो ती पुण्याला परत आल्यावर, चाळिशीच्या उंबरठ्यावर, आणि १९८४ साली आराधनेच्या निमित्ताने पुन्हा तंजावरला गेलो. आजी नव्हत्या. त्यांच्या सूनबाईंनी मला ओळखले आणि न विचारताच वही आणून दिली. मी सावकाश वाचू लागलो. सीतास्वयंवरच होते, समासात कुठे ‘साकी’, कुठे ‘दिंडी’ अशी खूण. मला शब्द मिळत होते, पण ते म्हणायचे कसे ते वहीत लिहिलेले नव्हते. सूनबाईंना मराठी जेमतेम बोलता येई, वाचता येत नसे. पण सासूबाई तांदूळ निवडताना जे गुणगुणत ते त्यांच्या कानात होते. मी एक ओळ वाचावी, त्यांनी ती चालीवर म्हणून पाहावी, असे आम्ही सुरू केले.

मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत. इकार आला की तो ऱ्हस्व समजायचा की दीर्घ, हे वाचणाऱ्याने ठरवायचे. एका ओळीत मी ते चुकीचे ठरवले. त्या मध्येच थांबल्या. "बसत नाही," म्हणाल्या. मी पुन्हा तसेच वाचले, त्यांनी पुन्हा मान हलवली. मग एक अक्षर दीर्घ करून वाचले. मात्रा एकोणीस भरल्या, आणि त्या पुढची ओळ मी वाचण्याआधीच गुणगुणू लागल्या.