काळ्यावर पांढरे, पांढऱ्यावर काळे

मंगलप्रसंगी काळा रंग वर्ज्य मानण्याचा शिरस्ता आपल्याकडे इतका रुळलेला आहे की, कुंकवाचे बोट लावल्यावाचून लग्नपत्रिका घराबाहेर न धाडणाऱ्या मंडळींना निव्वळ काळ्या-पांढऱ्या रंगातील शुभेच्छापत्राची कल्पना प्रथमदर्शनी विपरीतच वाटावी. परंतु हाच समाज मकरसंक्रांतीला नव्या सुनेस काळी चंद्रकळा नेसवून तिच्या अंगावर हलव्याचे शुभ्र दागिने चढवीत आला आहे, आणि या रंगसंगतीचा याहून देखणा नमुना हुडकण्यासाठी परमुलखात जाण्याचे मुळीच कारण नाही. तिळगुळाची पुडी पाकिटात घालून परगावच्या आप्तांना टपालाने पाठविण्याची चाल ज्यांच्या स्मरणात असेल, त्यांनी यंदा त्या पुडीसोबत स्वहस्ते केलेले कृष्णधवल पत्र पाठविण्याचा बेत करावा. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंतचा अवधी त्या कामास पुरेसा आहे.

छापील शुभेच्छापत्राचा उगमही काळ्या रेषेतच सापडतो. लंडनचे एक सरकारी अधिकारी हेन्री कोल यांनी, नाताळात येणाऱ्या पत्रांना एकेक करून उत्तरे लिहिण्याची दगदग चुकविण्याकरिता, 1843 साली जॉन कॉलकॉट हॉर्स्ली या चित्रकाराकडून एक चित्र काढवून घेतले व शिळाछापावर त्याच्या सुमारे हजार प्रती काढविल्या. त्यांत रंग मागाहून हाताने भरले गेले आणि प्रतीची किंमत एक शिलिंग ठरली. आपल्याला रंग भरण्याच्या आधीच थांबावयाचे आहे, आणि हे थांबणे वाटते तितके सोपे नाही.

कारण या कलेत पांढरा रंग बहुधा लावावा लागत नाही. तो कागदातच असतो आणि कोठे त्याला हात लावू नये एवढेच कलावंताने ठरवावयाचे असते. नंदलाल बोस यांनी 1930 साली दांडीयात्रेच्या प्रसंगाने लिनोलियमवर कोरलेले गांधीजींचे चित्र ज्यांनी पाहिले असेल, त्यांना निराळे सांगणे नको: गडद काळ्या भूमीवर मोजक्या पांढऱ्या रेषा, हातात काठी, पुढे पडलेले पाऊल, आणि त्यापलीकडे सजावटीचा लवलेशही नाही. नवशिक्याची खोड याच्या उलट असते; रिकामी जागा दिसली की तीत एखादी वेलबुट्टी घातल्यावाचून त्याला चैन पडत नाही.

कागदाची निवड मात्र निगुतीने करावी. दर चौरस मीटरला 250 ते 300 ग्रॅम भरणारा जाड कागद घडीच्या पत्रास योग्य. ‘ए-फोर’ मापाचा ताव (210 × 297 मिलिमीटर) मधोमध दुमडला की नेटके पत्र तयार होते. यंत्रावर तयार झालेल्या कागदातील तंतू बहुतांशी एकाच दिशेने गेलेले असतात, आणि घडी त्या दिशेला समांतर न घातल्यास कडेवर चिरा पडतात. म्हणून कागद आधी दोन्ही अंगांनी हलकेच वाकवून पाहावा व जिकडे तो सहज वाकेल तिकडे, रिकाम्या बॉलपेनाने किंवा विणण्याच्या बोथट सुईने पट्टीच्या आधारे खाच पाडून, मगच दुमडावा. काळा कागद घेताना तो आरपार काळा आहे याची खातरजमा करावी. केवळ वरून रंगविलेल्या कागदाच्या घडीतून आतला पांढरा गाभा डोकावतो आणि सर्व श्रम पाण्यात जातात. हातकागदाचा पोत मोहक खरा, पण खळ कमी असल्यास त्यावर शाई फुटते. तेव्हा आधी एखाद्या कोपऱ्यावर परीक्षा पाहणे हे उत्तम.

पांढऱ्या कागदावर अक्षरे काढण्यास तिरका कापलेला बरू आणि काजळीची काळी शाई यांहून सरस जिन्नस मला ठाऊक नाही. काळ्या कागदावर पांढरे लिहावयाचे झाल्यास पोस्टर कलरातील सफेदा दाटसर कालवून कुंचल्याने दोन पातळ हात द्यावेत, कारण एकच जाड थर वाळल्यावर तडकतो. घाई असेल तर पांढरे जेल पेन चालते.

एकच चित्र पुष्कळ नातलगांस पाठवावयाचे असेल तर लिनोलियमचा ठसा हाच खरा इलाज. जवसाचे तेल आणि बुचाचा भुसा यांपासून केलेला हा पदार्थ थंडीत कडक होतो, तो घटकाभर उन्हात ठेवला की कोरणी सुरळीत चालते. कोरणी नेहमी अंगापासून दूर ढकलावी आणि दुसरा हात तिच्या वाटेत आणू नये. जेवढे कोरून काढाल तेवढे पांढरे राहील. छाप उलटा उमटत असल्याने मजकूर पारदर्शक कागदावर लिहून, तो पालथा घालून गिरवावा, आणि देवनागरीची शिरोरेषा अंमळ जाडच ठेवावी. बारीक ठेवल्यास ती कोरताना तुटते. छापखान्याचे यंत्र नको: शाईचा रूळ फिरवून कागद ठशावर ठेवावा व चमच्याच्या पाठीने सर्वत्र सारखा दाब देत घासावा.

पाकिटाविषयी माझे मत काहीसे अरसिक आहे. काळ्या पाकिटावर पांढऱ्या अक्षरांतील पत्ता शोभून दिसतो, यात वाद नाही. परंतु टपालखात्याचा शिक्का काळ्या शाईचा असतो व मंद उजेडात पत्ता लावणाऱ्या पोस्टमनचाही काही मुलाहिजा राखला पाहिजे, म्हणून काळे पत्र पांढऱ्या पाकिटातच घालावे, आणि काळ्या पाकिटाचा फारच मोह असेल तर पत्त्यापुरती एक पांढरी चिठ्ठी त्यावर डकवून, तिकीटही त्या चिठ्ठीच्याच उजव्या कोपऱ्यात लावावे.