रकान्यावरची पाटी

आपल्या जन्माची पहिली नोंद एका फॉर्मवर होते आणि शेवटची नोंदही फॉर्मवरच होते. मधल्या काळात प्रवेशाचा, परीक्षेचा, शिष्यवृत्तीचा, एस.टी.च्या पासाचा, रेशनकार्डाचा असे किती फॉर्म आपण भरतो याची गणती कोणी ठेवत नाही. मात्र फॉर्म तयार करणाऱ्याच्या खुर्चीत बसण्याचा योग फार थोड्यांच्या वाट्याला येतो. गेल्या वर्षी तो माझ्या वाट्याला आला. मी मराठी विषयाचा विद्यार्थी. संगणकाशी माझे नाते दुरूनच. तरीही त्या खुर्चीत बसून जे शिकलो ते आपल्याच विषयाच्या किती जवळचे आहे, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

त्याचे असे झाले. स्नेहसंमेलनातील स्पर्धांची नावनोंदणी कागदाऐवजी संगणकावर घ्यावी असे ठरले. माझा मावसभाऊ पुण्याला वेबसाइटी तयार करण्याचे काम करतो. सुट्टीत त्याच्याजवळ बसून मी थोडे पीएचपी शिकलो होतो. तेवढ्या भांडवलावर सरांनी हे काम माझ्या गळ्यात घातले. चार दिवस खपून मी फॉर्म उभा केला आणि मोठ्या ऐटीत तो खुला केला.

पहिल्याच दिवशी माझ्या वर्गातली एक मैत्रीण संगणकासमोर बराच वेळ नुसती बसून राहिली. मग तिने मला जवळ बोलावले आणि हळू आवाजात विचारले, "अरे, इथं मी काय लिहू?" तिचे बोट ज्या रकान्यावर होते त्यावर मी लिहिले होते, 'वडिलांचे नाव'. तिला तिच्या आईने एकटीने वाढवले आहे आणि ती आईचेच नाव लावते. रकाना रिकामा ठेवून तिने 'पाठवा'वर बोट दाबून पाहिले होते, पण फॉर्म पुढे जात नव्हता. मी घाईत म्हणून गेलो, "काहीतरी टाक ना." ती म्हणाली, "काहीतरी म्हणजे कुणाचं?"

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. ते शोधण्यात पुढची दोन रात्री गेल्या.

येथे थोडी पार्श्वभूमी सांगितली पाहिजे. पीएचपी ही वेबसाइटी तयार करण्याची एक भाषा. रास्मस लेर्डॉर्फ या गृहस्थाने ती १९९५ साली लोकांपुढे ठेवली. तिच्या एका आरंभीच्या अवताराचे नाव होते 'पीएचपी/एफआय', आणि त्यातल्या 'एफआय'चा अर्थ 'फॉर्म्स इंटरप्रिटर', म्हणजे फॉर्मचा अर्थ लावणारा, असा होता. तेव्हा फॉर्म हा या भाषेचा जन्मापासूनचा सोबती आहे. पुढे तीच तीच कामे प्रत्येकाने नव्याने करू नयेत म्हणून तयार सांगाडे निघाले. त्यांना फ्रेमवर्क म्हणतात. सिंफनी हे फ्रान्समधले फ्रेमवर्क २००५ साली आले, यी २००८ साली आणि लाराव्हेल २०११ साली. माझा फॉर्म सिंफनीवर उभा होता.

सिंफनीला रकाना हवा असे सांगताना तीन गोष्टी द्याव्या लागतात: रकान्याचे नाव, त्याचा प्रकार (मजकूर, तारीख, यादी वगैरे) आणि त्याच्याविषयीच्या विशेष सूचना. यातले नाव असते यंत्रासाठी. त्यात मोकळी जागा चालत नाही, म्हणून शब्द एकमेकांना चिकटवून किंवा खाली रेघ देऊन लिहितात. भरणाऱ्या माणसाला पडद्यावर जे दिसते ते लेबल, म्हणजे रकान्यावरची पाटी. ही दोन नावे वेगळी आहेत, हे ध्यानात आले की या विषयाचे अर्धे मर्म हाती आले असे समजावे.

आपण पाटी दिली नाही तर सिंफनी स्वतःच्या बुद्धीने एक तयार करते. यंत्राचे नाव घ्यायचे, रेघांच्या जागी मोकळी जागा सोडायची, जेथे मोठे अक्षर असेल तेथे शब्द तोडायचा, आणि पहिले अक्षर तेवढे मोठे करायचे, एवढीच ती बुद्धी. इंग्रजीत विचार करणाऱ्याला हे सोयीचे आहे. 'डेटऑफबर्थ'चे 'डेट ऑफ बर्थ' आपोआप होते. मी मात्र हौसेने आतली नावे मराठीत, पण रोमन अक्षरांत दिली होती. त्यामुळे 'स्पर्धाप्रकार' पडद्यावर असा काही अवतरला की एखाद्या गोऱ्या साहेबाने मराठी वाचायला घ्यावे! म्हणून मी विशेष सूचनांमध्ये प्रत्येक रकान्याची पाटी देवनागरीत लिहून दिली. 'वडिलांचे नाव' ही पाटी त्याच भरात लिहिली गेली. म्हणजे ती यंत्राची नव्हती, माझी होती. माझ्या घरी मधले नाव वडिलांचे असते, म्हणून ते सर्वांच्याच घरी असेल असे मी न विचारता धरून चाललो होतो.

पाटी बदलणे हे एका ओळीचे काम. तेथे मी 'मधले नाव' असे केले. पण तेवढ्याने भागेना. रकाना रिकामा ठेवला की फॉर्म अडे तो अडेच. मी सारी फाइल पुन्हा वाचून काढली. हा रकाना सक्तीचा आहे असे मी कोठेही लिहिलेले नव्हते! शेवटी मावसभावाला फोन केला. तो हसून म्हणाला, "तू लिहिलं नाहीस म्हणूनच तो सक्तीचा आहे." सिंफनीत प्रकार सांगून जोडलेला रकाना सक्तीचा धरला जातो, तो ऐच्छिक हवा असेल तर तसे स्पष्ट सांगावे लागते. मग ब्राउझर रिकाम्या रकान्यापाशी माणसाला अडवतो. ही सूचना मी दिली. मागे डेटाबेसमध्येही ती जागा रिकामी राहू शकेल अशी परवानगी द्यावी लागली. मैत्रिणीला अडवणारा नियम कोणीच जाणूनबुजून केलेला नव्हता, आणि तरीही तिला अडवण्याचे काम त्याने चोख केले होते.

पाटीखेरीज रकान्याखाली एक लहान मदतीची ओळ देण्याचीही सोय आहे. तेथे मी लिहिले: 'आई, वडील किंवा पती यांपैकी ज्यांचे नाव तुम्ही लावता ते लिहा, लावत नसल्यास रकाना रिकामा ठेवा.' पाटी आखूड असावी आणि समजूत मदतीच्या ओळीत घालावी, हा धडा मला येथे मिळाला.

प्रत्येक रकान्याला अशी स्वतंत्र सूचना देत बसायचे नसेल तर सिंफनीत आणखी एक मार्ग आहे. प्रत्येक रकान्याची मांडणी चार तुकड्यांची असते: पाटी, चुकीचा संदेश, प्रत्यक्ष रकाना आणि मदतीची ओळ. हे तुकडे ट्विग नावाच्या साच्यांत लिहिलेले असतात. पाटीचा साचा एकदा आपल्या पद्धतीने लिहिला की सर्व पाट्या बदलतात. मी त्यात 'रकाना सक्तीचा नसेल तर पाटीपुढे ऐच्छिक असे लिही' एवढेच घातले. एकाच रकान्याचा साचा निराळा हवा असेल तर फॉर्मचे आणि रकान्याचे नाव जोडून त्याच्यापुरता वेगळा तुकडाही लिहिता येतो.

पाटी अजिबात काढून टाकण्याचीही सूचना आहे, आणि तिचा मोह फार होतो. पडदा मोकळा व सुबक दिसतो. पण एचटीएमएलमध्ये पाटी ही रकान्याशी गाठ मारलेली असते. पाटीवर टिचकी मारली तरी त्या रकान्यात लिहिता येऊ लागते. अंध विद्यार्थी पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम वापरतात. तोही हीच पाटी वाचून कोणता रकाना आहे ते सांगतो. पाटी गेली की अशा वेळी हाती उरतो तो निनावी रकाना. रकान्याच्या आत फिकट अक्षरांत लिहिलेली सूचना पाटीची जागा घेऊ शकत नाही, कारण लिहू लागताच ती नाहीशी होते. पाटी डोळ्यांना नकोच असेल तर तिला दिसण्यापुरते लपवावे, पण जागेवर ठेवावे.

आता भाषेच्या विद्यार्थ्यांना आवडेल अशी गंमत सांगतो. लाराव्हेलमध्ये चुकीचे संदेश साच्यासारखे असतात. वाक्यात एक जागा मोकळी असते आणि तेथे रकान्याचे नाव येऊन बसते. या नावांसाठी वेगळी यादी देता येते. ती दिली नाही, तर पडद्यावर मराठी पाटी आणि संदेशात यंत्राचे नाव असा प्रकार होतो. यीमध्ये पाट्यांची यादी एकाच जागी लिहितात आणि फॉर्म, तक्ता व संदेश तिघेही तीच वापरतात, म्हणून हा घोळ कमी होतो. परंतु खरी अडचण पुढेच आहे. इंग्रजी साच्यात कोणताही शब्द बसवला तरी वाक्य मोडत नाही. मराठीत 'तुमचा अमुक चुकीचा आहे' असा साचा केला की 'तुमचा जन्मतारीख चुकीचा आहे' असे ऐकावे लागते. 'अमुकमध्ये चूक आहे' असे केले तर 'पत्तामध्ये चूक आहे' असे येते. सामान्यरूप बिचारे बाहेरच राहते. यंत्राला आपले लिंग ठाऊक नाही आणि विभक्तीही ठाऊक नाही. यावर तोड अशी की साच्यात 'रकाना' हा शब्द स्वतःच घालावा: '"जन्मतारीख" हा रकाना भरणे आवश्यक आहे', '"पत्ता" या रकान्यात चूक आहे'. मग लिंग आणि सामान्यरूप यांचा सारा भार 'रकाना' हा शब्द उचलतो आणि मधला शब्द कोणताही असला तरी वाक्य शुद्ध राहते. व्याकरणाच्या तासाचा असा उपयोग होईल असे मला स्वप्नातही वाटले नव्हते.

असो. मूळ गोष्टीकडे वळू. पाटी बदलली, सक्ती काढली, मदतीची ओळ दिली. काम संपले असे वाटले, तोच परीक्षकांसाठी स्पर्धकांची यादी छापायला घेतली आणि मथळ्यात पुन्हा 'वडिलांचे नाव' हजर! यादीचा साचा निराळा होता आणि तेथे मी जुनेच शब्द लिहून ठेवले होते. तेव्हा मात्र मी आतले यंत्राचे नावही बदलून टाकले. आत काहीही असले तरी पाटी हवी ती लावता येते हे खरे. पण आतले नाव खोटे असेल तर ते आज ना उद्या कोठून तरी बाहेर डोकावते.

मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने असा निर्णय घेतला की १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव यावे. ही मुले आपल्यासारखी कॉलेजात येतील तेव्हा नाव, वडिलांचे नाव व आडनाव असे तीनच रकाने असलेले फॉर्म त्यांना पुरणार नाहीत. नावाची रीत बदलते. ती बदलेल हे धरूनच फॉर्म बांधला पाहिजे.

मैत्रिणीने तिसऱ्या दिवशी फॉर्म भरला. मधल्या रकान्यात आईचे नाव लिहिले, 'पाठवा' दाबले आणि एकपात्री अभिनयाच्या तालमीला निघून गेली. ती माझे आभार मानेल असे मला वाटले होते. नंतर लक्षात आले की आभार मानण्यासारखे त्यात काही नव्हतेच. इतरांना पहिल्या दिवशी जे मिळाले ते तिला तिसऱ्या दिवशी मिळाले, इतकेच.

पुढच्या वर्षी हे काम ज्याच्या गळ्यात पडेल त्याला एकच विनंती. फॉर्म खुला करण्यापूर्वी तो, ज्याचे घर आपल्या घरासारखे नाही अशा एखाद्याकडून भरून घ्यावा, आणि तो कोणत्या रकान्यापाशी थांबतो ते शेजारी बसून पाहावे.